कललेली कवडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी पट मांडायची जुनी रीत आहे. कॅलेंडरवर त्या दिवशी बलिप्रतिपदा असं लिहिलेलं असतं. पण या तिथीचं आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. शंकर आणि पार्वती या दिवशी फासे खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा सांगतात. आमच्याकडे पैशांचा खेळ कधीच नव्हता. ओवाळणी झाली, जेवणं झाली, की ओसरीवर खडूने चल्लसचा पट आखायचा आणि दिवेलागणीपर्यंत खेळायचं, एवढंच.

2024 च्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या नातवंडांना घेऊन मी अशीच बसले होते. नातवाने चार कवड्या ओंजळीत घोळवून टाकल्या. तीन उताण्या पडल्या. चौथी घरंगळत गेली आणि पाण्याच्या तांब्याला टेकून तिरकी उभी राहिली. नातू ओरडला, "चार! अजून एक दान!" नात म्हणाली, "तीनच. ती पडलेलीच नाहीये." दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मग नातू म्हणाला, "आजी, मोबाइलवर असं कधी होतच नाही."

त्याचं खरं होतं. ही मुलं मोबाइलवर लुडो खेळतच मोठी झाली. तिथला फासा कधी कॉटखाली जात नाही, कुणाच्या पायाला लागत नाही, तांब्याला टेकत नाही. किती पडलं हे यंत्रच सांगतं, सोंगटीही तेच हलवतं, आणि पाळी नसताना हात लावला तर काही होतच नाही. त्यामुळे चूक झाली तर काय करायचं, हे शिकायची वेळच मुलांवर येत नाही. आम्ही मात्र ते कवड्यांबरोबरच शिकलो. त्यातलं काही सोपं होतं, काही फार अवघड गेलं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

ज्यांना चल्लस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरं. चार बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली. चार खेळाडू, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सोंगट्या म्हणजे काहीही. बांगड्यांच्या काचा, खडे, तुरीच्या काड्या, जोंधळ्याचे दाणे. बाहेरून फेरी मारून आतल्या फेरीत शिरायचं आणि मधल्या फुलीवर पोचायचं. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. दान चार कवड्यांचं. जितक्या उताण्या तितकी घरं. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचं. कवड्या नसतील तर चिंचोके. ते दगडावर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासले की झालं दान तयार. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आणि पलीकडे कर्नाटकात, तेलंगणात हाच खेळ थोड्याफार फरकाने, वेगवेगळ्या नावांनी खेळतात. गावागणिक नियम बदलतात आणि भांडणाची सुरुवात बहुधा तिथेच होते.

हे सगळं फार जुनं आहे. उमरग्यापासून जवळच, सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. ती चालुक्यांची राजधानी, कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं राहावं, मन कसं रमवावं, असं सगळं त्यात आहे. त्यातल्या खेळांच्या भागात बुद्धिबळाच्या जातीच्या चतुरंगाबरोबर फाशांचा खेळ आहे आणि वराटिकाक्रीडाही आहे. वराटिका म्हणजे आपली कवडी. आमच्या ओसरीवरचा खेळ राजवाड्यातही होता तर!

वेरूळला गेलात तर 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळतानाची मोठी शिल्पं पाहा. पार्वती डाव आटोपून निघाली आहे आणि शंकर तिला 'अजून एक डाव' म्हणून थांबवतो आहे, असा त्यातल्या दृश्याचा अर्थ लावला जातो. मला तर ते शिल्प बघताना आमची ओसरीच आठवते. हरलेला उठू देत नाही, जिंकलेल्याला बसायचं नाही.

आता मूळ प्रश्न. कललेल्या कवडीचं काय करायचं?

उत्तर काय द्यावं यापेक्षा ते केव्हा द्यावं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कवडी कलल्यावर नियम ठरवायला बसलं, की कोणत्या नियमाने कुणाचा फायदा होणार हे सगळ्यांना दिसत असतं. मग नातू एक नियम सांगतो, नात दुसरा, आणि दोघंही मनापासून बोलत असतात. त्यात खोटेपणा नसतो. माणसाचा डोळा आपल्या बाजूला कलतो, कवडीसारखाच. म्हणून पट आखून झाला की पहिलं दान पडायच्या आधी दोन मिनिटं बोलून घ्यावं. कललेली धरायची की नाही? पटाबाहेर गेलेली? पाळी चुकली तर? तेव्हा कुणाचंच काही अडकलेलं नसतं, त्यामुळे सगळे शहाण्यासारखे बोलतात.

आमच्या घरचा नियम असा, की एक जरी कवडी कलली तरी चारही पुन्हा टाकायच्या. काही घरांत फक्त कललेली तेवढी परत टाकतात. मला ते पटत नाही. बाकीच्या तीन काय पडल्यात ते दिसत असतं. आता उताणी हवी की पालथी हे टाकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि एकच कवडी हलक्या हाताने हवी तशी टाकणं फार अवघड नाही. चार कवड्या एकदम टाकताना ती सोय राहत नाही. लुडोचा फासा कलला तर त्याच्या वरच्या अंगावर दुसरा फासा ठेवून बघतात. राहिला तर दान खरं, घसरला तर परत. बॅकगॅमन नावाचा फाशांचा खेळ पश्चिमेकडे फार खेळतात. त्यात फासे आपल्या उजव्या हाताच्या अर्ध्या पटावर सपाट पडले नाहीत तर दोन्ही फासे पुन्हा टाकायचे, असा नियम आहे. म्हणजे तिकडेही एकच परत टाकू देत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरच्या नियमाबद्दल जरा बरं वाटलं.

पटाबाहेर गेलेल्या दानाचं तेवढं अवघड नाही. जमीन सारवलेली आणि सपाट असेल तर कुठेही पडलं तरी चालतं, असं आमच्याकडे मानत. सतरंजीच्या सुरकुतीत पडलं तर नाही. पाळी नसताना टाकलेलं दान मात्र नेहमी रद्द, मग ते कितीही चांगलं असो. इथे एक गंमत बघा. पाळी चुकवून एक पडला तर टाकणारा स्वतःच म्हणतो, "अरे, माझी पाळी नव्हती की." आठ पडले तर तोच म्हणतो, "टाकलं ते टाकलं."

कवड्या लवकर उचलणं ही फार सामान्य चूक. टाकणारा घाईत असतो. त्याने बघितलं, उचललं, सोंगटी हलवली. समोरच्याने काही पाहिलंच नाही. मग "किती होते?" "तीन." "दोन होते." आता कवड्या हातात आणि साक्षीदार कुणी नाही. यावरचा उपाय माझ्या सासूबाईंनी काढला होता. पण त्याला एक कारण घडलं होतं. ते पुढे सांगते.

घरं मोजण्यातली चूक वेगळी. पाच घरं जायच्या ऐवजी सहा गेलं, वळणावर एक घर दोनदा मोजलं, असं होतंच. ती ज्याला दिसेल त्याने बोलावं, लगेच. पुढच्या माणसाचं दान जमिनीवर पडलं की मागचं मिटलं, हा नियम ठेवला तर डाव पुढे सरकतो. नाहीतर कुणीतरी तीन फेऱ्यांनंतर "तेव्हा तुझी सोंगटी तिथे नव्हतीच" असं काढतं आणि सगळा पट उलटा चालवावा लागतो. तो कधीच नीट उलटा चालत नाही.

पण कुणी समोरची सोंगटी मारायचीच विसरला तर? ते सांगावं का? माझं मत असं, की चुकीचं मोजणं ही सगळ्यांची बाब आहे, कारण त्याने पट खोटा होतो. संधी हुकणं ही ज्याची त्याची. ती दाखवून देण्याचं बंधन समोरच्यावर नाही. खेळाडू लहान असेल, पहिल्यांदाच बसला असेल, तर मात्र सांगावं आणि हलवलेली सोंगटी परत घेऊ द्यावी. दोन-तीन डाव झाले की हळूहळू बंद करावं. सातवीतल्या मुलाला पहिलीतल्या पोरासारखी सूट दिलेली आवडत नाही, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते, म्हणून थोडा हिशेबही सांगते. घराघरांतली बरीच भांडणं चुकीवरून नाही, तर संशयावरून होतात. "याला सारखे आठ कसे पडतात?" समजा, कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी आहे. चार कवड्या एकदम टाकल्या तर सोळा तऱ्हा होतात. त्यांतल्या एका तऱ्हेत चारही उताण्या, एकीत चारही पालथ्या. म्हणजे चार किंवा आठ पडणं हे सोळात दोनदा, आठ दानांत सरासरी एकदा. दुपारभर चौघांनी मिळून दोनशे दानं टाकली तर पंचवीसेक वेळा ते पडणारच. पाठोपाठ दोनदा पडण्याची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे दोनशे दानांत तेही दोन-तीनदा होणार. ज्याला ते पडलं तो नशीबवान दिसतो आणि बाकीच्यांना लबाड वाटतो. लुडोत लागोपाठ तीन सहा पडण्याची शक्यता 216 मध्ये एक आहे. तीही कधीतरी येतेच.

शिवाय कवडी म्हणजे काही नाणं नव्हे. तिची पाठ फुगीर, पोट चिरलेलं. कुणाची पाठ जास्त गोल, कुणाची चपटी. वर्गात मी मुलांना एकेक कवडी शंभर शंभर वेळा टाकायला लावत असे, तेव्हा प्रत्येक कवडीचं उत्तर वेगळं येई. मुलं चकित होत. म्हणून एका घरात सगळ्यांनी त्याच चार कवड्या वापराव्यात. 'माझ्या कवड्यांनी मी टाकणार' हे चालू देऊ नये.

पण कुणी खरोखरच रडीचा डाव खेळत असेल तर? कवड्या बोटांत लावून जमिनीपासून दोन बोटांवरून अलगद सोडणारे असतात. माझ्या माहेरी एक पाहुणे असे होते. वडीलधारे, मानाचे. त्यांना कोण बोलणार? माझ्या आजीने एक शब्द न बोलता माजघरातून पितळेची वाटी आणली आणि म्हणाली, "आजपासून दान वाटीतून टाकायचं. पोरांच्या हातातून कवड्या सांडायल्यात." सगळ्यांनी वाटीतून टाकली, पाहुण्यांनीही. चूक कुणाची होती हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं, पण ती कुणाच्या अंगावर आली नाही. ती वाटी आमच्याकडे पुढे कायम राहिली. पुढे मला वाटायला लागलं, की फाशांची सगळी रीतभात त्या वाटीत आहे. चूक एकाची दिसली तरी उपाय सगळ्यांना लागू करायचा.

महाभारतात नेमकं उलटं झालं. सभापर्वात द्यूत सुरू होताना दुर्योधन म्हणतो, पणाला धन मी लावीन, फासे मात्र शकुनीमामा टाकतील. युधिष्ठिराला ते खटकतं. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला ठीक वाटत नाही, असं तो म्हणतोही. आणि तरी खेळायला बसतो. आक्षेप बरोबर होता, वेळही बरोबर होती, पहिलं दान पडायच्या आधीची. फक्त तो नियम होईपर्यंत तो थांबला नाही. एकदा बसल्यावर मग काही बोलता येत नाही. पुढचं आपल्याला माहीत आहे.

आमच्या ओसरीवर राज्य जात नव्हतं, पण माणसं दुखावली जात होती, आणि लहान घरात ते काही कमी नसतं.

आमचं गाव उमरगा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या जरा आधी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली. आमच्या घरातली सगळी वाचली, पण वाड्याच्या भिंतींना इतक्या भेगा पडल्या की आत पाय ठेवायचा धीर होईना. आम्ही शेतात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. धक्के पुढे बरेच दिवस येत राहिले. रात्री मुलं झोपत नसत, मोठेही नाही. तेव्हा सासूबाईंनी एका रात्री कंदिलाच्या उजेडात जमिनीवर कोळशाने पट आखला. कवड्या वाड्यात राहिल्या होत्या, म्हणून चिंचोके घासले. लोक काय म्हणतील, असं मला वाटलं. शेजारच्या शेडमधली माणसंही येऊन बसली.

अशाच एका रात्री धाकट्या भाऊजींनी दान टाकलं आणि त्याच क्षणी जमिनीतून गुरगुर आली. सगळे पोरं उचलून बाहेर पळाले. धक्का लहान होता. थोड्या वेळाने परत आलो तर पट पुसलेला, चिंचोके पायांनी इकडेतिकडे गेलेले. मुलांनी हट्ट धरला, डाव पुढे चालू करा. सोंगट्या आठवून आठवून ठेवल्या. पण भाऊजींचं दान काय होतं? कुणी म्हणालं आठ, कुणी म्हणालं तीन, मुलांना तर काहीच आठवेना. भाऊजी म्हणाले, "दोनच होते." दोनने त्यांचा काही फायदा नव्हता, आठ मिळाले असते तर ते आतल्या फेरीत शिरले असते. सासूबाई म्हणाल्या, "त्याचं त्यानं कमी सांगितलं. तेच धरा." पुढे आमच्या घरी तीच रीत पडली. दान विस्कटलं आणि कुणाला खात्री नसेल तर टाकणाऱ्याला विचारायचं. त्याने स्वतःच्या तोट्याचं सांगितलं तर ते धरायचं, फायद्याचं सांगितलं तर परत टाकायचं.

आता सासूबाईंची ती गोष्ट सांगते. सांगावी की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं.

भूकंपानंतर आठ-नऊ वर्षांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भाकरी त्या हाताच्या सवयीने थापत, वाट पायांना माहीत होती. आम्हाला कळलं ते पटावर. तीन कवड्या उताण्या असताना त्या "चार" म्हणत आणि पुन्हा टाकत. कधी उताणी दोन असताना "एक" म्हणत. म्हणजे लबाडी नव्हती, दिसतच नव्हतं. मी आणि माझ्या नणंदेने एकमेकींकडे पाहिलं आणि गप्प राहिलो. सुनेने सासूचं दान चुकीचं आहे म्हणायचं तरी कसं? आणि म्हातारं माणूस, जिंकलं तर जिंकू दे. असे किती महिने गेले कोण जाणे. आम्हाला वाटत होतं, आपण मोठं मन दाखवतोय.

मग एका दुपारी भाऊजींचा पाच वर्षांचा मुलगा मध्येच म्हणाला, "आज्जी, चार नाहीत, तीन आहेत. तू नेहमी चुकतेस."

कुणीच बोललं नाही. त्या गप्प बसण्यातच त्यांना सगळं कळलं. त्यांनी कवड्या जमिनीवर ठेवल्या आणि मला विचारलं, "सुनबाई, कवापासून चाललंय हे?"

मी म्हणाले, "आत्याबाई, खेळच आहे की."

"मंजी म्या जिंकले ते समदं तुमी दिलेलं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

त्यानंतर त्या पटावर बसल्या नाहीत. बोलणं बंद नव्हतं, घरातलं सगळं चालू होतं. पण दुपारी पट आखला की त्या दळणाचं, निवडणाचं काहीतरी काढून बसत. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू? आपण त्यांचा मान ठेवला आणि त्यांनी हे असं केलं, असं वाटलं. त्यांचा मान आम्ही ठेवलाच नव्हता, हे समजायला मला बराच वेळ लागला. पाच वर्षांच्या पोराने त्यांना खेळाडू म्हणून धरलं; आम्ही त्यांना खेळातून केव्हाच काढून टाकलं होतं आणि त्यांना सांगितलंही नव्हतं. आणि डोळ्यांचं कळत असूनही कुणी दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं, कारण तसं केलं असतं तर पटावरचं कबूल करावं लागलं असतं.

शस्त्रक्रियेला त्या पुढच्या हिवाळ्यात तयार झाल्या. मधल्या काळात, संक्रांतीच्या आसपास, एका दुपारी त्या स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, बसते, पण एक ठरवून घ्यायचं. दान टाकणाऱ्याने कवड्यांना हात लावायचा नाही. मोठ्याने आकडा म्हणायचा. समोर बसलेल्याने बघून "हो" म्हणायचं, आणि मगच उचलायचं. "माझ्याच दानाला न्हाई," त्या म्हणाल्या, "समद्यांच्या."

तो नियम लागू केला आणि पहिल्याच दुपारी माझी दोन दानं चुकीची निघाली. माझे डोळे तर चांगले होते. घाईघाईत मीच एकदा दोनला तीन म्हणाले होते. समोर बसलेल्या नणंदेने "हो" म्हटलं नाही, मी परत पाहिलं आणि दोन घरं गेले. सासूबाईंच्या तोंडावरचं समाधान मला आजही दिसतं. त्यांच्या दानाला मी "हो" म्हणत होते, आणि चुकलं तर "तीन आहेत, आत्याबाई" असं म्हणायला मला तेव्हापासून काहीच वाटेना, कारण दर दानाला कुणीतरी कुणाला तरी काहीतरी म्हणतच होतं.

'हो' म्हणायची ही रीत लुडोलाही लागते, सापशिडीलाही. सापशिडीत तर फार लागते, कारण तिथे एकेक घर म्हणजे साप किंवा शिडी, आणि सहा असलं तरी मुलाला पाच हवं असतं. ज्याला आपण लुडो म्हणतो तो आपल्याच पच्चीसीवरून इंग्लंडमध्ये तयार झाला. 1896 साली तिथे त्याचं पेटंट घेतलं गेलं. कवड्यांच्या जागी एक फासा आला आणि खेळ सुटसुटीत झाला. पण फासा टाकणारा तोच मोजतो, तोच हलवतो, तोच उचलतो. तिथे समोरच्याने नुसतं "हो" म्हटलं तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. दोन रुपये, पाच रुपये लावून खेळण्याची टूम मधूनमधून निघते. तिथे मी सांगते यातलं काहीच चालत नाही. पैसा आला की तोट्याचं खरं सांगणारा भाऊ मिळत नाही आणि वाटी आणली तरी अपमान वाटतो. कायद्याचं तर वेगळंच. आपल्याकडे जुगाराविरुद्धचा कायदा 1887 पासूनचा आहे, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये केला. आमच्या घरात हरलेल्याने सगळ्यांना चहा करायचा, एवढंच लागलेलं असतं. तुळजापूरहून आणलेल्या देवीच्या माळेतल्या कवड्यासुद्धा सासूबाई खेळायला घेऊ देत नसत. खेळायच्या सुट्या कवड्या निराळ्या, त्या डब्यात.

त्याच डब्यातल्या चार कवड्या पाडव्याला ओसरीवर होत्या आणि एक तांब्याला टेकलेली होती. मी पहिल्यांदा माझीच चूक कबूल केली. पट आखताना नियम सांगायला मी विसरले होते. त्यामुळे आता माझ्या घरचा नियम वापरून नातवाचं दान रद्द करणं मला बरोबर वाटेना, आणि चार धरणंही नाही. मी दोघांना म्हटलं, "हे दान तुम्ही दोघं मिळून मिटवा. पुढच्यासाठी नियम आत्ताच करू."

दोघांनी जरा वेळ घातली हुज्जत. नात म्हणाली, तांब्या उचलून बघू कवडी कुठे पडते ते. नातू म्हणाला, तांब्या कोण उचलणार, तू उचललास तर तू मुद्दाम ढकलशील. शेवटी नातवानेच चारही कवड्या गोळा केल्या, पुन्हा टाकल्या आणि हात मागे घेऊन म्हणाला, "एक."

नातीने वाकून पाहिलं. "हो," ती म्हणाली, आणि तांब्या उचलून लांब भिंतीशी नेऊन ठेवला.